डिपॉझिटवरचं व्याज सरकार मोजतं, मग डिपॉझिट परत कोण मिळवून देणार?

प्रति,
मा. महसूल मंत्री आणि मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सांगली जिल्ह्यातले आठही आमदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत, विश्रामबागेत, भाडेकरार नोंदवून देण्याचं काम करतो. एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठा घ्यायचं यंत्र आणि कॅमेरा एवढंच माझं दुकान. मालक येतो, भाडेकरू येतो, दोन साक्षीदार येतात, आधार नंबर घालून अंगठे लागतात, फोटो निघतात आणि करार तुमच्या खात्याकडे जातो. मी स्वतःही भाड्याच्या घरात राहतो. म्हणजे करार करून देणारा मी, करारात अडकणाराही मीच.

आधी एक हिशेब सांगतो. तो तुमच्याच खात्याचा आहे.

महिना आठ हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, मुदत अकरा महिने, असा एक करार धरा. मुद्रांक शुल्क पाव टक्का. पण ते नुसत्या भाड्यावर लागत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातला ३६-अ हा अनुच्छेद सांगतो की परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरा, ते भाड्याच्या रकमेत मिळवा आणि मग शुल्क काढा. पन्नास हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज होतं ४,५८३ रुपये. त्याचा पाव टक्का म्हणजे जेमतेम साडेअकरा रुपये. ते तुम्ही घेता. घ्या, त्याबद्दल कोणाचीच कुरकुर नाही.

पण यावरून एक गोष्ट उघड होते. भाडेकरूचे पैसे मालकाकडे बिनव्याजी पडून असतात आणि मालकाला त्यातून कमाई होते, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. तिचा दरसुद्धा तुम्ही ठरवून ठेवलाय. तरी ते पैसे परत कधी मिळणार, कशाकशाचे कापले जाणार आणि नाही मिळाले तर कोणाचं दार वाजवायचं, हे मात्र कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. साडेअकरा रुपयांची काळजी घेणाऱ्या कायद्याने पन्नास हजार वाऱ्यावर सोडलेत.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे मे-जून. घरं बदलायचा हा हंगाम. बदल्या होतात, मुलांचे प्रवेश होतात, मिरजेच्या दवाखान्यांत नवीन नर्स आणि डॉक्टर येतात. नव्या घराच्या करारासाठी माझ्यासमोर बसलेला माणूस हमखास सांगतो की जुन्या घराचं डिपॉझिट अजून मिळालेलं नाही, म्हणून नव्या मालकाला निम्मंच देतोय, निम्मं हातउसनं घेऊन. परवा मिरजेत नोकरी करणारी एक नर्सबाई आली होती. जुन्या घराची किल्ली देऊन तिला दोन महिने होऊन गेले होते. तिचे मालक फोन उचलतात, गोड बोलतात, "ताई, नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो" म्हणतात. म्हणजे तिचे पैसे केव्हाच खर्च झालेत. ती पोलीस ठाण्यात जाऊन आली. "ही दिवाणी बाब आहे" असं तिला सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नाही. मग दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा. दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे, कायदा तेवढा उदार आहे. पण चाळीस हजारांसाठी वकील लावून, रजा टाकून, तारखांना कोण उभं राहणार? कोणी राहत नाही हे मालकाला माहीत असतं, एजंटला माहीत असतं, आणि आता तुम्हालाही माहीत झालं.

आता मागे वळून बघू, कारण हे आपोआप झालेलं नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १८ वं कलम होतं. घर भाड्याने देताना ठरलेल्या भाड्याखेरीज पागडी, अनामत किंवा तत्सम काही घेणं हा त्यात गुन्हा होता. तरी पागडी चालायचीच, फक्त टेबलाखालून. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५६ व्या कलमाने अनामत आणि अधिमूल्य (म्हणजे पागडीसारखी रक्कम) घेणं सरळ कायदेशीर करून टाकलं. चोरून चालणारी गोष्ट उजेडात आणली, याला माझा विरोध नाही. पण उजेडात आणताना तिला कमाल मर्यादा घालायची असते, परत करायची मुदत घालायची असते. बंदी उठवली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. पंचवीस वर्षं ती जागा रिकामी आहे.

त्याच कायद्याने मालकाला काय काय दिलं ते बघा. २४ वं कलम सांगतं की लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठराविक काळ राहण्याच्या कराराची, मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई. लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. घर ताब्यात मिळवण्यासाठी मालकाला कोर्टाच्या रांगेत उभं राहायला नको, त्याच्यासाठी सक्षम प्राधिकारी आहे. तिथे भाडेकरूला नुसतं आपलं म्हणणं मांडायचं असेल तरी समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी काढावी लागते. मालकाचं घर अडकू नये म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे. घर अडकलं की म्हाताऱ्या मालकांचे काय हाल होतात ते मी बघितलंय. माझं म्हणणं इतकंच की मालकाचं घर अडकलं तर वेगळा अधिकारी, वेगळी पद्धत, दुप्पट दंड. आणि भाडेकरूचे पैसे अडकले तर "दिवाणी बाब". हा कुठला न्याय?

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगलीत पुष्कळांची आहे. जुलै २०२१ ला मी गावभागात तळमजल्यावर राहत होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेवढं २०२१ ला गेलं नाही. पण गावभागातल्या तळमजल्याला दोन-तीन फुटांच्या फरकाने काय होणार? घरात पाणी आलं. ओसरल्यावर गाळ काढायला मालक आणि मी बरोबरच होतो, खोऱ्याने त्यांनी ओढला, घमेली मी वाहिली. नंतर महिन्याभरात मी घर सोडलं. चाळीस हजार डिपॉझिट होतं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहून दिला: रंग १४,०००, किचनच्या ट्रॉल्या ९,०००, बाथरूमचं फुगलेलं दार ३,५००, इतर ४,०००. हातात आले साडेनऊ हजार. "इतर म्हणजे काय हो काका?" असं विचारलं, तर म्हणाले, "आता एवढा खर्च आलाय, त्यात बारीकसारीक कुठं लिहीत बसू." पावती एकाचीही नव्हती. माणूस वाईट नव्हता, त्यांचंही नुकसान झालंच होतं. पण कृष्णेने केलेलं नुकसान माझ्या डिपॉझिटमधून वसूल झालं, आणि तसं करू नका असं त्यांना सांगणारा एकही नियम मला दाखवता आला नाही.

खरं तर नियम आहे, आणि आजचा नाही, इंग्रजांच्या काळातला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १०८ वं कलम आहे. भाडेपट्टा संपल्यावर घर होतं त्या स्थितीत परत द्यायचं, मात्र रोजच्या वापराने झालेली झीज आणि माणसाला आवरता न येणारी शक्ती यांमुळे झालेले बदल सोडून. पुरासाठी यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? हे मी एका ओळखीच्या वकिलांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, "हे लीजला, म्हणजे भाडेपट्ट्याला लागू. तुझा करार लिव्ह अँड लायसन्स. तो सुखाधिकार कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्याच्या हक्कांच्या कायद्याच्या, ५२ व्या कलमात बसतो. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच सांगेल." राज्यात आज बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवरच दिली जातात. म्हणजे रोजच्या वापराने फिकट झालेल्या रंगाचे पैसे घेऊ नका, पुराने फुगलेल्या दाराचे घेऊ नका, इतकी साधी गोष्ट ज्या कायद्यात आहे तो कायदा भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांना थेट लागू होत नाही. हा खड्डा कोणी मुद्दाम खणला असं मी म्हणत नाही. पण तो आहे, आणि दर पुरात त्यात माणसं पडतात.

पुराचं आणखी एक. पाणी चढलं की माणसं नातेवाइकांकडे किंवा शिबिरात जातात. घर राहण्यासारखं नसतं, तरी त्या महिन्याचं भाडं चालूच. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली आणि तो राज्यांकडे पाठवला. त्यात पूर, आग, भूकंप यांसाठी तरतूद आहे: आपत्तीमुळे घर राहण्यालायक उरलं नाही, तर ते दुरुस्त होईपर्यंत भाडं घ्यायचं नाही, आणि दुरुस्त होणारच नसेल तर अनामत व आगाऊ भाडं परत करायचं. मंजुरीची तारीख बघा आणि आमच्या पुराचा महिना बघा. राज्याने तो कायदा तेव्हाच घ्यायचं ठरवलं असतं तरी माझ्या पुराच्या वेळी तो कामाला आला नसता, एवढ्या लवकर कायदे होत नसतात. पण त्यानंतरचे पावसाळे?

त्याच आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, दुकान-गाळ्यासाठी सहा महिन्यांचं, आणि घराचा ताबा घेतानाच देणं वजा करून अनामत परत, असं लिहिलंय. उपजिल्हाधिकारी दर्जाचा भाडे प्राधिकारी, त्याच्यावर भाडे न्यायालय, आणि प्रकरण साठ दिवसांत निकाली. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्येच आपला कायदा केला आणि दोन महिन्यांची मर्यादा घातली. सगळ्या बाबतींत आपण त्यांच्या पुढे असल्याचं ऐकत आलोय. इथे मागे का?

बाहेरच्या देशांचं फार सांगत नाही, पण दोन व्यवस्था इथल्या मालकांनाही मी सांगतो आणि त्यांना त्या पटतात. इंग्लंडमध्ये २००७ पासून डिपॉझिट मालकाने नुसतं खिशात ठेवून चालत नाही. सरकारमान्य योजनेत ते नोंदवून सुरक्षित करावं लागतं आणि वाद झाला तर त्या योजनेतच सोडवता येतो. जर्मनीत तीन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, ते तीन हप्त्यांत देता येतं, मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं आणि व्याज भाडेकरूचं. यात अवघड असं काय आहे?

आता मालकांची बाजू, कारण हे पत्र तेही वाचतील आणि उद्या माझ्याच टेबलावर येतील. एका निवृत्त शिक्षकांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू लाइटची बिलं थकवून, नळ तोडून, रातोरात गेला. त्यांनी पुढच्या करारात डिपॉझिट दुप्पट केलं. मी त्यांना काय म्हणणार? आणखी एक प्रकार आता सर्रास झालाय. घर सोडायच्या आधीचे दोन-तीन महिने भाडेकरू भाडंच देत नाही. "डिपॉझिटमधून वळतं करून घ्या" म्हणतो. कारण त्याला खात्री असते की ते परत मिळणार नाही. मग मालक पुढच्याकडून जास्त मागतो, कारण त्याला खात्री असते की हाही शेवटचे महिने बुडवणार. पुढच्या भाडेकरूचं ओझं मागच्याने वाढवून ठेवलेलं असतं आणि दोघांची गाठही पडलेली नसते. मुदतीत परत मिळेल याची खात्री असेल तर कमी डिपॉझिटवर मालकही तयार होतो, हे मी अनेकदा बघितलंय.

आगाऊ भाड्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मुख्यतः विद्यार्थ्यांचा. विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता या भागात खोल्या घेऊन शिकणारी मुलं जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून येतात. पुष्कळ ठिकाणी सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं भाडं एकरकमी घेतात. वडील घरातलं काहीतरी मोडून ते भरतात. मग प्रवेशाच्या पुढच्या फेरीत पोराचा नंबर पुण्याला लागतो. गादी गुंडाळून पोरगं जातं, आठवड्यात त्या खोलीत दुसरं येतं, आणि एकाच खोलीचं भाडं दोघांकडून वसूल होतं. परत मागितलं की उत्तर ठरलेलं: "वर्षाचं ठरलं होतं." बहुतेक ठिकाणी करारच नसतो, असलाच तर नोटरीचा. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर होता, आता पाचशेच्या. १९९९ च्या कायद्याचं ५५ वं कलम म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज इथे अजून घट्ट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या जोरावर तो पसरलाय आणि महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. तुमच्या खात्याने एक साधा फलक प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावला तरी पुष्कळ फरक पडेल.

"हेवी डिपॉझिट"बद्दल एकच वाक्य: भाडं शून्य, डिपॉझिट चार-पाच लाख, आणि घरावर बँकेचं कर्ज आहे हे भाडेकरूला कळतं ते बँकेची जप्तीची नोटीस दारावर लागल्यावर.

मागण्या या आहेत.

राहत्या घरासाठी डिपॉझिट आणि आगाऊ भाडं मिळून दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, अशी दुरुस्ती १९९९ च्या कायद्यात करा, किंवा आदर्श कायद्यावरून राज्याचा नवा कायदा करा. कोणता मार्ग घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

किल्ली परत दिल्यापासून पंधरा दिवसांत डिपॉझिट परत. कापायचं असेल तर कशाचे किती याची लेखी यादी आणि पावत्या. रोजच्या वापरातली झीज आणि पूर यांचे पैसे कापता येणार नाहीत, आणि हे लिव्ह अँड लायसन्सलाही लागू असल्याचं स्पष्ट लिहा. उशीर झाला तर १० टक्के व्याज. हा दर मी काढलेला नाही, तुमच्याच मुद्रांकाच्या हिशेबातला आहे.

पूर किंवा अन्य आपत्तीत घर राहण्यालायक नसेल तितक्या दिवसांचं भाडं माफ, आणि भाडेकरूने घर सोडलं तर न वापरलेलं आगाऊ भाडं परत. विद्यार्थ्याने खोली सोडली आणि ती पुन्हा भाड्याने गेली, तर त्या तारखेपासूनचं त्याचं भाडं परत.

मालकाला घरासाठी जसा सक्षम प्राधिकारी आहे, तसा भाडेकरूला डिपॉझिटसाठी द्या. तालुक्याच्या ठिकाणी, वकिलाशिवाय, साठ दिवसांत निकाल. थकलेलं भाडं आणि लाइट बिल यांसाठी मालकालाही तिथेच जाता येऊ दे.

आणि एक काम असं आहे की त्याला अधिवेशन लागत नाही, बहुधा मंत्रालयातल्या एका परिपत्रकात होईल. ऑनलाइन नोंदणीच्या फॉर्ममध्ये डिपॉझिटच्या रकमेखाली आणखी दोन रकाने सक्तीचे करा: परत करायची मुदत, आणि ताबा देतानाचे घराचे फोटो. भिंत, दारं, नळ, मीटर. रकाना रिकामा असेल तर फॉर्म पुढे जाऊ नये, जसा आज आधार नंबराशिवाय जात नाही. मुदत लिहिलेली असली की निम्मे वाद माझ्या टेबलावरच मिटतील. आज ती ओळ मी प्रत्येक करारात घालायला सुचवतो. काही मालक घालू देतात. काही म्हणतात, "तुमच्या फॉर्मात कुठं आहे ते?"

आठही आमदारांना वेगळी विनंती. पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी कोणीही एकाने हा प्रश्न लेखी विचारावा: आदर्श भाडेकरू कायद्याबाबत राज्याचा निर्णय काय, आणि तो नसेल तर १९९९ च्या कायद्यात डिपॉझिट परत करण्याची तरतूद कधी येणार? उत्तर आलं की त्याची प्रत काढून मी दुकानाच्या काचेवर लावेन, मग ते काहीही असो.

आपला,
भाडेकरार करून देणारा एक भाडेकरू
विश्रामबाग, सांगली